अंक चाळीस, पोस्टेज दोनशे साठ

बाबांची गोष्ट आयुष्यात एकदाच छापून आली. लग्नाच्या आदल्या वर्षी, खानदेशातल्या एका छोट्याशा मासिकाच्या दिवाळी अंकात. पुढे केंद्र सरकारची नोकरी लागली, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संसार झाला आणि त्यांचं लिहिणं फायलींपुरतं उरलं. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडताना आईने रद्दीचा गठ्ठा कबाडीवाल्याला दिला, त्यात तो अंकही गेला. बाबा आईला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं आई म्हणायची.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे नोएडाला राहायला आले. नोएडाला मेट्रो यायची होती, पण इंटरनेट घरात आलं होतं. बाबांचा डावा डोळा तोवर निकामी झालेला. कडेचं दिसायचं, पण बरोबर मधोमध डाग. डॉक्टर म्हणाले, उजवा अजून वर्षानुवर्षं टिकेल, नाहीतर उद्यासुद्धा जाईल. यातलं पहिलं अर्धं मी ऐकलं. बाबांनी बहुतेक दुसरं ऐकलं, कारण परतताना ऑटोत ते म्हणाले, "आहे तोवर तो अंक एकदा बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं."

मी ऑफिसात बसून शोधायला लागले. जुन्या वस्तूंचे लिलाव चालायचे अशी एक साइट होती, तिथे चार-पाच महिन्यांनी तो अंक खरंच सापडला. विकणारा पुण्याचा. किंमत चाळीस रुपये. मी खुर्चीत उडालेच. मग खालची ओळ वाचली. पोस्टेज दोनशे साठ.

हद्द झाली! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो असा. मी पोस्टेजच्या बाबतीत आधीच पोळलेली होते. एकदा एका महाभागाकडून मिक्सरची रबरी रिंग मागवली होती. रिंग पंधराची, पोस्टेज दीडशे, आणि आली ती साध्या पाकिटात, वर पाच रुपयांचं तिकीट. तेव्हापासून डोक्यात राग होता. घरी येऊन मी एक तेवढाच जाड दिवाळी अंक स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. साडेतीनशे ग्रॅम.

"बुकपोस्टाने पाठवायचं," बाबा म्हणाले. "पाकीट एका बाजूने उघडं ठेवायचं. वीसेक रुपयांच्या वर जात नाही." टपालाचे दर त्यांना पाढ्यांसारखे पाठ. आमच्या घरात लग्नाच्या पत्रिकासुद्धा वजन करून पोस्टात पडलेल्या.

मी विकणाऱ्याला फोन लावला. गृहस्थ मराठीच निघाले, आवाजावरून सज्जन.

"ताई, त्याचं असं आहे," ते म्हणाले, "साइट किमतीवर कमिशन घेते, पोस्टेजवर घेत नाही. म्हणून सगळेच असं लावतात. तुम्ही तीनशेला अंक घेतला असं समजा ना."

"मग तीनशे किंमत लिहा, मी आत्ता घेते. पोस्टेज म्हणून दोनशे साठ द्यायची नाही मी. शक्यच नाही."

"तसं लिहिलं तर मला परवडत नाही."

"आणि असं मला परवडत नाही."

खोटं होतं ते. मला छान परवडत होतं. आदल्याच आठवड्यात मी मॉलमध्ये तीनशे रुपयांची कॉफी आणि सँडविच खाऊन आले होते, कुरकुर न करता. पण तिथे मला कोणी टपालहशील म्हणून फसवत नव्हतं. तत्त्व म्हणजे तत्त्व.

आता दिल्लीतल्या मराठी माणसाकडे अशा वेळी एक हुकमी उपाय असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती मागवायचं. माझं अख्खं लहानपण त्यावर पोसलं गेलंय. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आईच्या साड्यांचे फॉल, सगळं कोणाच्या तरी बॅगेतून आलं. पुण्याहून कोणी निघालं की त्याच्या तब्येतीआधी बॅगेत जागा किती याची चौकशी व्हायची. पुण्यातला माझा मावसभाऊ दिवाळीनंतर मीटिंगला दिल्लीला येणारच होता. विकणारे गृहस्थ भलेच. म्हणाले, घेऊन जाऊ दे त्यांना, चाळीस रुपयांत. मावसभावाने दुसऱ्या दिवशी अंक ताब्यात घेतला. मी जिंकले होते आणि ऑफिसात चार जणांना ते रंगवून सांगितलंही.

मावसभावाची मीटिंग रद्द झाली.

"कुरियर करून टाकू का?" त्याने विचारलं.

"पागल आहेस का? येईल कोणीतरी," मी म्हटलं.

त्या रात्री जेवताना बाबा म्हणाले, "देऊन टाकूया का गं कुरियरचे? मी देतो पैसे."

"पैशांचा प्रश्न आहे का, बाबा? एवढं भांडून चाळीसला मिळवला, आणि आता परत दीडशे कुरियरवाल्याच्या घशात? तुम्हीच तर शिकवलंत हे सगळं."

"बरं, बरं. घाई नाही काही," ते म्हणाले आणि ताक मागितलं.

घाई होती. ते दर दोन-तीन दिवसांनी विचारायचे, "कोण येतंय का पुण्याहून?" मी म्हणायचे, येईल, जाईल कुठे.

डिसेंबरात एका सकाळी बाबा पेपर घेऊन बसले आणि पेपर तसाच मांडीवर ठेवून दिला. म्हणाले, ओळी वाकड्या दिसतायत. मधे काळं आहे. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरल्याचं सांगितलं. इंजेक्शनं झाली. काही उपयोग झाला नाही. भिंत कुठे, दार कुठे हे त्यांना कळायचं, ग्लास उचलता यायचा. पण ज्याच्याकडे बघतील तेच नेमकं पुसलं जायचं. मला स्वतःची इतकी चीड आली की मी त्याच दिवशी मावसभावाला फोन करून ओरडले, कुरियर कर, आत्ताच्या आत्ता कर. तो बिचारा म्हणाला, "अगं, कालच दिला ना एकांकडे. तूच म्हणालीस, कोणी मिळालं की दे." त्याच्या शेजारचे एक काका जानेवारीत पानिपतच्या काला अंब स्मारकाला अभिवादनाला येणाऱ्या लोकांबरोबर निघणार होते. त्यांनी अंक बॅगेत भरून ठेवला होता आणि घराला कुलूप लावून ते तोवर गावी गेले होते.

जानेवारीत कडाक्याच्या थंडीत मी स्टेशनवर जाऊन तो घेऊन आले. काकांनी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून अगदी जपून आणला होता. एक पानही दुमडलं नव्हतं.

बाबांनी अंक नाकाशी नेला, मान वाकडी करून कडेने बघायचा प्रयत्न केला. "अक्षरं आहेत, एवढं कळतं," म्हणाले.

मी वाचायला बसले. माझं शिक्षण सगळं दिल्लीचं, मराठी वाचताना मी आजही अडखळते. मी जिथे अडायचे तिथला शब्द बाबा पुढून द्यायचे. मग न अडताही द्यायला लागले. अर्ध्या पानात माझ्या लक्षात आलं की त्यांना गोष्ट शब्द न् शब्द पाठ आहे.

"अहो बाबा, पाठ आहे तुम्हाला! मग अंक कशाला हवा होता?"

"गोष्टीसाठी कुठे हवा होता? चित्रासाठी." ते थोडे लाजले. "चित्रकाराने गोष्टीतल्या बाईचं चित्र काढलं होतं. नंतर सहा महिन्यांनी तुझ्या आईला बघायला गेलो. ती पाणी घेऊन बाहेर आली, आणि डिट्टो तेच नाक! मी कोणाला न विचारता हो म्हणून मोकळा झालो. तिला कधी सांगितलं नाही. म्हणाली असती, काहीतरीच तुमचं." त्यांनी अंक माझ्याकडे सरकवला. "बघ ना. तशीच आहे ना?"

पुढच्या पानावर चित्र होतं, पंजाएवढं, काळ्या शाईचं. अंबाडा, पदर, लांब डोळे. त्या काळच्या दिवाळी अंकांत असायची तशी कोणतीही बाई. नाक म्हणजे एक रेघ. मी बराच वेळ बघत राहिले. ती आईसारखी आहे की नाही, मला काही केल्या ठरवता येईना.

"आहे," मी म्हटलं. "नाक आईचंच आहे."

बाबा हसले. "तू तर म्हणशीलच," ते म्हणाले. "मला बघायचं होतं गं, खरंच तसं होतं का."