व्याह्यांचा पांढरा दुपट्टा

आमच्या व्याह्यांना जगाच्या पाठीवर कुठेही न्या, ते नागपुरातच राहतात. हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात चीनमधल्या हांगझोऊ नावाच्या तळ्याकाठच्या शहरात मी त्यांच्याबरोबर दोन दिवस काढले आहेत, आणि त्या दोन दिवसांत चीनला गेलो होतो तो मी एकटाच. माझी लेक आणि त्यांचा मुलगा नोकरीसाठी शांघायला असतात. जावयाला सुटी मिळाली नाही, तेव्हा आम्हा दोघा म्हाताऱ्यांना गाडीत घालून तळं दाखवायला लेकच घेऊन गेली.

व्याही वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. जन्मभर खांबावर चढून खाली उभ्या असलेल्या माणसाशी बोलल्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशीही ते खांबावरूनच बोलतात. लग्नाच्या बैठकीत "आमाले हुंडा-गिंडा काही नको" हे त्यांनी असं काही सांगितलं, की ते शेजारच्या तीन घरांत ऐकू गेलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यातल्या दोघांनी त्यांच्या धाकट्या मुलाची चौकशी केली. रस्त्याने चालताना त्यांची मान कायम वर असते. धरमपेठेतून फिरायला निघालो की दुकानांकडे मी बघतो, आणि कुठल्या खांबावरची कोणती तार सैल आहे ते व्याही बघतात. हांगझोऊला पोचल्यावर त्यांनी सवयीने मान वर केली आणि जागीच थबकले. वर नुसतं आभाळ होतं. "तारा कुठं हायेत?" त्यांनी विचारलं. लेकीने सांगितलं की इथे तारा जमिनीखालून नेल्या आहेत. त्यावर त्यांना दिवसभर चैन पडलं नाही. लोक पाण्यावर वाकलेल्या झाडांचे, होड्यांचे, पुलांचे फोटो काढत होते. व्याह्यांनी दिव्याच्या अकरा खांबांचे काढले आणि एक तळ्याचा काढला, त्यातही मधोमध खांब आहे.

तळ्याबद्दल त्यांचं मत चांगलं झालं. "तलाव मस्त हाय. आपल्या फुटाळ्याच्या बरोबरीचा हाय. भुट्टेवाला नाही, एवढंच." मी जरा चिडून म्हणालो, "अहो व्याही, शेकडो वर्षं लोक या तळ्यावर कविता करून राहिले." ते शांतपणे म्हणाले, "फुटाळ्यावर कोणी केल्या नाहीत, त्याले फुटाळा काय करन?"

आणि दुपट्टा. उन्हाळ्यात डोक्याला, कानाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय नागपूरचा माणूस घराबाहेर पडत नाही, हे खरंच. पण व्याही तो दिवाळीतही गुंडाळतात. "ऊन काही सांगून येते का?" हा त्यांचा सवाल. दुपट्टा पांढराशुभ्र, घरी धुतलेला. चीनला जाताना ते औषधं विसरले, दुपट्टे मात्र त्यांनी चार घेतले.

पण या सहलीचं खरं कारण तळंही नव्हतं आणि माझी लेकही नव्हती. कारण होतं व्याह्यांची माय. व्याह्यांचं घर बौद्ध. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली तेव्हा माय बापाचं बोट धरून मैदानावर गेली होती. आता तिची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती आणि डॉक्टरांनीही हात टेकले होते. हांगझोऊला एका डोंगराच्या कड्यात जुना, पोट सुटलेला, हसरा बुद्ध कोरलेला आहे, असं माझ्या लेकीने तिला एकदा फोनवर सांगितलं, तेव्हापासून म्हातारीने ध्यास घेतला. "आपल्या विहारातला तं डोळे मिटून बसते. याले कोणं हसवलं गा? डोळे हायेत तंवर मले दाखव. अन् नुसता फोटो नको, त्याच्यासमोर वंदना म्हणून आण." व्याह्यांनी मायला शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पांढरा सदरा, पांढरा पायजमा घालून तयार. वंदनेला पांढरंच घालायचं, हा आपल्याकडचा रिवाज. वर तो दुपट्टा. डोंगराजवळ लेकीने सांगितलं की इथले लोक म्हणतात, हा डोंगर भारतातून उडून आला. व्याह्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आपलाच हाय." मग ते स्वतःच्या घरात शिरावं तसे आत शिरले. पण आत सुटीची ही गर्दी. कड्यासमोर माणसांची भिंत उभी, प्रत्येकाच्या हातात उंच धरलेला फोन. परतीची गाडी दुपारची. तास गेला, आम्ही जागचे हललो नाही. व्याही पायाच्या बोटांवर उभे राहून बघत होते, दुपट्ट्याच्या शेवाने डोळे पुसत होते. एवढ्या लांब येऊन मायला काय तोंड दाखवू, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. मला त्यांची फार कीव आली.

तेवढ्यात शेजारच्या एका म्हाताऱ्या चिनी बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. त्यांनी व्याह्यांची बाही धरली, पुढच्या लोकांना हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं, आणि ती भिंत दुभंगली. माणसांनी फोन खाली घेतले, माना झुकवून वाट दिली. व्याही थेट हसऱ्या बुद्धासमोर. त्यांनी हात जोडले आणि त्रिशरण, पंचशील म्हणायला सुरुवात केली, खांबावरच्या आवाजात. कड्याने तो आवाज परत पाठवला. मी फोन धरून ते सगळं आवाजासकट टिपत होतो. नागपूरच्या माणसाचा इतका मोठा विजय मी आयुष्यात पाहिला नाही. म्हाताऱ्या बाई तर घळाघळा रडत होत्या. वंदना संपल्यावर व्याह्यांचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला.

गाडीत बसल्यावर लेक सासऱ्यांना हळूच म्हणाली, "पप्पा, इथे घरचं कोणी गेलं की डोक्याला पांढरं कापड बांधतात. तुमची आई वारली आणि तिच्यासाठी तुम्ही आलात, असं वाटलं त्यांना. लोकांना तेच सांगत होत्या." व्याह्यांनी दुपट्टा सोडला, घडी करून पिशवीत ठेवला. मग मला म्हणाले, "व्याही, मायले हे सांगू नका."

पण माझ्या पोटात काही राहत नाही. नागपूरला आल्यावर माय फोन नाकाला लावून बघत होती. हसरा बुद्ध तिला दिसला. किती दिसला ते तीच जाणे, पण तीही हसली. मग म्हणाली, "हे बाई काहून रडून राहिली?" व्याही पंख्याकडे बघत म्हणाले, "उदबत्तीचा धूर गेला असन." आणि मी सगळं सांगून टाकलं. व्याह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की सोयरीक आता मोडलीच म्हणायची. माय मात्र बोळक्या तोंडाने हसत सुटली, आणि हसता हसता थांबली. "म्हणजे माह्यासाठी रडली म्हणा की. चांगली बाई हाय. आता मी खरंच गेली तं तू नको रडू गा. तुह्या वाटचं रडून झालं."

आता मायला काहीच दिसत नाही. दर पौर्णिमेला व्याही पांढरे कपडे घालून तिच्याजवळ बसतात, फोन सुरू करतात, आणि हांगझोऊच्या कड्याने परत पाठवलेला तो आवाज सगळ्या घरात भरतो. तो संपला की माय विचारते, "हसून राहिला नं अजून?" व्याही म्हणतात, "हसून राहिला, माय." हे मात्र ते इतकं हळू म्हणतात, की शेजारच्या खुर्चीवर बसूनही मला कान द्यावा लागतो.