फोटोसाठी वळवलेली बोट

२००४ च्या वसंतात माझी बदली बाल्टिक समुद्रकाठच्या एका लहान बंदरात झाली. मी जर्मन नौदलात होतो. मराठी माणसांसमोर हे सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले. एक, ‘जर्मनीला नेव्ही आहे?’ दोन, ‘म्हणजे तू तिथे नक्की काय करतोस? कँटीन?’ कायझर्सलाउटर्नच्या गणपतीत सॉफ्टवेअरमधल्या एका काकांनी हे विचारलं. मी म्हणालो, “हो, कँटीन.” त्यांचं समाधान झालं आणि ते पुन्हा घरांच्या किमतींकडे वळले.

बाबा कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत मेकॅनिकल इंजिनिअर. मी नऊ वर्षांचा असताना आम्ही पुण्याहून आलो. जर्मन पासपोर्ट मिळाला आणि मी नौदलात नाव घातलं. आई बाबांना म्हणाली, “अहो, सांगा ना त्याला काहीतरी.” बाबा म्हणाले, “काय सांगू? सही करून आलाय.” घरात या विषयावर तेवढंच बोलणं झालं.

आमची बोर्डिंग टीम आठ जणांची होती. संशयित जहाजाच्या कडेला वेगवान बोट लावायची, दोरीच्या शिडीने वर चढायचं, जहाज ताब्यात घ्यायचं, कागद आणि माल तपासायचा. आफ्रिकेच्या शिंगाजवळच्या समुद्रात आमच्या दोन मोहिमा झाल्या. पहाटे पाचला उठणं, साडेपाचला शस्त्रं तपासणं, सहाला बोट पाण्यात. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात बुलेटप्रूफ जॅकेट घालून आम्ही दहशतवाद्यांचा शोध घेत होतो. सापडलं ते असं: खजूर, सिमेंट, सुके मासे आणि एकदा शेळ्या. शेळ्यांचे कागद चोख होते. घरी परतल्यावर बंदरात बँड वाजला आणि एका मंत्र्याने आमच्या शौर्यावर भाषण केलं. त्यात शेळ्या नव्हत्या.

शिडीवर पहिला चढायचा टॉर्स्टन ल्यूडर्स. हुद्दा ओबरमाट, म्हणजे आपल्याकडचा पेटी ऑफिसर समजा. दुसरा मी. माझं नाव हेमंत, पण टॉर्स्टनने पहिल्याच आठवड्यात त्याचं ‘हेम्ड’ केलं. जर्मनमध्ये हेम्ड म्हणजे शर्ट. पुढे सगळे तेच म्हणू लागले. तो उंच, कमी बोलणारा. चढण्याआधी शिडीचा दोर दोनदा ओढून बघायचा. त्याच्या मागून चढताना मला कधी भीती वाटली नाही.

आमच्या कामात एक नियम होता. शिडीवर माणूस असताना सुरक्षा बोट पन्नास मीटरच्या आत हवी, रिकामी हवी आणि तिच्यात दोन डायव्हर हवेत. माणूस पाण्यात पडला तर त्याला उचलायला. एवढ्या जड सामानासकट पडलेला माणूस फार वेळ वर राहत नाही.

२००६ च्या नोव्हेंबरात तिसऱ्या मोहिमेआधी वरून आदेश आला की पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक करायचं. पाहुणे म्हणजे दोन राजकारणी, त्यांची माणसं आणि स्थानिक वर्तमानपत्राचा एक फोटोग्राफर. आमचा कमांडर कपितानलॉयटनंट होता, म्हणजे आपल्याकडचा लेफ्टनंट समजा. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याला नाव छापून आलेलं फार आवडतं. दोन्ही मोहिमांत तो एकदाही शिडी चढला नव्हता. पण बाहीवरची बोर्डिंगची पट्टी त्याच्याकडे सगळ्यात स्वच्छ होती.

सकाळी नऊला ब्रीफिंग. वारा सहा नंबरचा, म्हणजे जोराचा; पाणी आठ अंश.

टॉर्स्टन म्हणाला, “हेर कपितानलॉयटनंट, लाट मोठी आहे. दुपारपर्यंत थांबता येईल का?”

“पाहुण्यांची ट्रेन अडीचची आहे, ल्यूडर्स.”

“याव्होल,” टॉर्स्टन म्हणाला. म्हणजे ‘जी, साहेब’.

सव्वादहाला आम्ही बोटीत. पाहुणे जहाजाच्या डेकवर कॉफी पीत होते. फोटोग्राफरची तक्रार होती की वरून फक्त हेल्मेटं दिसतात, चेहरे दिसत नाहीत. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त रेडिओ ऐकला.

“सुरक्षा बोट, डेकवरून तीन पाहुणे घ्या. जहाजाच्या पुढून फेरी मारा.”

दहा पस्तीसला सुरक्षा बोट आमच्या मागून निघून गेली. टॉर्स्टनने लगेच रेडिओ उचलला.

“सुरक्षा बोट जागेवर नाही. आम्ही थांबतो.”

“चढायला सुरुवात करा. बोट दोन मिनिटांत येते.”

“ती आल्यावर चढतो.”

“ल्यूडर्स, हा आदेश आहे.”

टॉर्स्टनने माझ्याकडे पाहिलं. दोर दोनदा ओढला आणि चढू लागला. मी त्याच्या मागे.

दहा एकेचाळीस. तो डेकपासून दीड मीटर खाली होता. मोठी लाट आली, आमची बोट वर उचलली गेली आणि शिडीची खाली लोंबणारी दोरी बोटीच्या पंख्यात गेली. पंख्याने दोरी खेचली. शिडी एका बाजूला पिळून फिरली आणि टॉर्स्टनच्या पायाखालची फळी उभी झाली. तो माझ्या उजव्या खांद्याला घासून खाली गेला, बोटीच्या कडेवर आपटला आणि पाण्यात पडला. दोरी तुटली. आमच्या बोटीचं इंजिन बंद पडलं आणि ती वाहत दूर गेली.

मी शिडीला लटकून होतो. त्याचं लाइफ जॅकेट एकाच बाजूने फुगलं होतं. तोंड वर यायचं आणि परत खाली जायचं. मी रेडिओवर ओरडलो, “माणूस पाण्यात! सुरक्षा बोट!” उत्तर आलं, “कोणता माणूस?”

मी उडी मारली नाही. माझ्याही अंगावर तेवढंच वजन होतं आणि उडी मारली असती तर दोन माणसं उचलावी लागली असती. हे बरोबर आहे. तरीही लिहून ठेवतो की मारली नाही.

मी मान वळवून पाहत होतो. जहाजाच्या नाकाडावरून सुरक्षा बोट वळली तेव्हा तिच्यात नारिंगी जॅकेटं घातलेले तीन पाहुणे होते. डायव्हरांना पाय ठेवायला जागा नव्हती. एकाने पाहुण्याला खाली दाबून बसवलं आणि त्याच्यावरून उडी मारली. दहा अठ्ठेचाळीसला टॉर्स्टन बोटीत आला. सात मिनिटं झाली होती. अकरा वीसला हेलिकॉप्टर. बारा पाचला रुग्णालयातून फोन आला.

पाहुण्यांची ट्रेन चुकली नाही.

चौकशी चार दिवसांनी झाली. मी जबाबात लिहिलं होतं: ‘सुरक्षा बोट जागेवर नव्हती.’ टेबलापलीकडचा अधिकारी सभ्य होता. आवाज चढवत नव्हता.

“तुम्ही शिडीवर होता. तोंड जहाजाच्या भिंतीकडे. मागचं तुम्हाला कसं दिसलं?”

“मान वळवली.”

“खात्री आहे?”

“हो.”

“अशा वेळी वेळेचं, अंतराचं भान राहत नाही. तुमच्या बढतीचे कागद माझ्याकडेच आहेत, चांगले आहेत. पुन्हा विचार करा. खात्री आहे?”

तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा मी ते वाक्य खोडलं. त्याने त्याचं पेन पुढे केलं होतं. तीन महिन्यांनी मला बढती मिळाली. कमांडरला मी ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने दाढी करताना आरशात पाहतो. दोघांत फरक एवढाच की त्याला रात्री झोप लागते असं ऐकलंय.

अहवाल दोन पानांचा होता. कारण: ‘प्रतिकूल हवामान. चढताना पकड चुकली.’

२००८ मध्ये मी नोकरी सोडली आणि ड्रेस्डेनला चिप बनवणाऱ्या कारखान्यात मशीनच्या देखभालीला लागलो. वर्षभराने एका निवृत्त अधिकाऱ्याचा फोन आला. तुकडीच्या मोहिमांचा इतिहास तो पुस्तकरूपात आणत होता. जाड कागद, रंगीत चित्रं.

“तुमच्याकडे काही फोटो असतील? आणि दोनशे शब्द. जिवंत आठवण हवी.”

मी शेळ्या लिहिल्या आणि टॉर्स्टन लिहिला. सुरक्षा बोटीसकट. आठवड्याने तो परत बोलला. शेळ्या त्याला आवडल्या होत्या.

“ल्यूडर्सचं मात्र घेता येणार नाही. पुस्तक मोहिमांबद्दल आहे. तो सरावात गेला. मोहिमेत कामी आलेल्यांची यादी वेगळी असते.”

“तो आदेश पाळताना गेला.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. पण सरावात.”

मी शेळ्याही परत घेतल्या.

त्याच आठवड्यात मी ट्रेनने टॉर्स्टनच्या आईकडे गेलो. फ्राउ ल्यूडर्सनी तीस वर्षं शहरात बस चालवली होती. अंत्यविधीला त्यांनी माझा हात धरला होता आणि मी तेव्हा हवामानाबद्दल बोललो होतो. आता स्वयंपाकघरात बसून मी सगळं सांगितलं. आदेश, फोटोग्राफर, खोडलेलं वाक्य, बढती. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

मग म्हणाल्या, “तीन वर्षं मी समजत होते की माझ्या मुलाने नीट धरलं नाही.”

त्या पुढे म्हणाल्या,

“लहानपणी झाडावरून पडला होता. मला वाटायचं, हात कमजोर राहिला असेल. मी तेव्हा डॉक्टरकडे उशिरा नेलं होतं.” त्या उठल्या, कागद आणला आणि माझ्यासमोर ठेवला. “लिही. तुझ्या जबाबाचंही लिही.”

मी लिहिलं. सही केली. त्यांनी चहा विचारला नाही. दारापर्यंत आल्या मात्र, आणि म्हणाल्या, “निदान तू आलास. बाकीचे सहा आले नाहीत.”

कागद त्यांनी स्वतः पाठवला. मग एका डायव्हरनेही लिहिलं. उत्तर यायला सात महिने लागले. कमांडर तोवर नौदलाबाहेर, कुठेतरी सुरक्षेवर व्याख्यानं देत होता. त्याला एक ताशेऱ्याचं पत्र गेलं. खोट्या जबाबाबद्दल माझा राखीव दलातला हुद्दा काढून घेतला. ते योग्यच झालं. अहवालातली एक ओळ बदलली. ‘पकड चुकली’ गेलं, त्या जागी ‘सुरक्षा बोट जागेवर नव्हती’ आलं. फ्राउ ल्यूडर्सनी ते पान मला पोस्टाने पाठवलं. बरोबर चिठ्ठी नव्हती.

पुस्तक निघालं. समारंभाला मला आमंत्रण होतं, गेलो नाही. नंतर दुकानात चाळलं. बँडचा फोटो आहे, मंत्र्याचा आहे, कमांडरचा दोनदा आहे.

टॉर्स्टन त्यात नाही, म्हणून इथे लिहितो. ओबरमाट टॉर्स्टन ल्यूडर्स, वय सत्तावीस. बस ड्रायव्हरचा मुलगा. माझ्या आईने पाठवलेला चिवडा चमच्याने खायचा आणि त्यातले शेंगदाणे शेवटी उरवायचा. दोन मोहिमा केल्या. प्रत्येक जहाजावर पहिला चढला. त्या दिवशी त्याने थांबतो म्हणून दोनदा सांगितलं, आणि फळी पायाखालून जाईपर्यंत दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरलेली होती. मी खालून पाहिलं आहे.