आख्खी रांग बघणारे सर

आमच्या सरांना मेथीची जुडी आणायला पाठवलं तर ते बहुतेक वेळा रिकाम्या हातानं परत येत. बाजारात शिरताच समोर ताजी मेथी दिसली तरी ते घ्यायचे नाहीत. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या भाजीवाल्यांपुढून एक चक्कर. कुणाची पानं कोवळी, कुणाची जुडी भरदार, हे सगळं मनात मांडायचं, मग विचार करायचा, आणि विचार होईपर्यंत पहिल्या बाईची पाटी रिकामी झालेली असायची. "आख्खं बघितल्याबिगर घ्यायचं कसं?" असं वर आम्हालाच विचारत. यावरून पोरांनी त्यांचं नाव ठेवलं आख्खे सर. धाराशिवच्या आमच्या कॉलेजात त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं.

सर संख्याशास्त्र शिकवत आणि त्याच्या जोडीला संगणकाची एक भाषा. त्या भाषेत आकड्यांच्या आख्ख्या रांगेला एकदमच हुकूम सोडता येतो. हजारभर आकडे दुप्पट करायचे असले तरी एक ओळ पुरते. शेजारच्या विभागातली मंडळी तेच काम लूप लावून करत, म्हणजे एक आकडा उचलायचा, त्याचं बघायचं, मागं यायचं, पुढचा उचलायचा. सरांना त्यांची कीव यायची. "लूप म्हणजे दारोदार फिरून निरोप सांगणं," ते म्हणत. "आपण भोंगा लावायचा. सगळ्या गावाला एकदाच ऐकू जातं." लूप त्या भाषेतही होता, त्यातून मधूनच बाहेर पडायची सोयही होती. पण सर ते प्रकरण गाळून सरळ पुढच्या पानावर जात.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी, नंतर त्याच विभागात त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले. विद्यार्थिनी असताना एकदा त्यांनी वर्षभराच्या तापमानाचे आकडे दिले आणि पारा चाळीसच्या वर पहिल्यांदा कधी गेला ते काढायला सांगितलं. त्यांच्या पद्धतीनं आधी वर्षातला प्रत्येक दिवस तपासायचा आणि मग त्यातला पहिला उचलायचा. मी विचारलं, "सर, मार्चमध्येच सापडला तर डिसेंबर कशाला तपासायचा?"

"मशीनचं काय जातंय? बघू दे की आख्खं."

मशीनचं काही जात नव्हतं हे खरं. पण सरांनी स्वतःच्या लग्नाचंही असंच मांडलं होतं. स्थळं सांगून येत. सर जाऊन बघत, भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला खात, चहा पीत आणि घरी येऊन म्हणत, "मुलगी चांगलीय. सगळी बघून होऊ देत, मग ठरवू." तोवर त्या मुलीचं लग्न होऊन तिचं पोर बालवाडीत जायला लागायचं. त्यांची थोरली बहीण बेंबळीला दिलेली. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणायचो. अक्का चिडायच्या. "अरं, तुझा विचार हुईस्तवर मानसं काय खोळंबून बसत्यात व्हय?"

सर हसून सोडून देत. पण एकटं राहायची त्यांना मुळीच हौस नव्हती. विभागाला कुलूप लावायची वेळ झाली तरी काहीतरी निमित्त काढून बसून राहायचे, कारण घरी बोलायला कुणी नव्हतं. चाळिशी दारात आली होती. मला त्यांची माया वाटायची आणि रागही यायचा.

मुरुमचं स्थळ बघायला अक्कांनी मलाही सोबत नेलं. मुलगी विद्या, तिथल्याच शाळेत गणित शिकवणारी. सर आणि ती बोलायला लागले ते शाळेतल्या पोरांच्या चुकांवरून, आणि बोलता बोलता दोघांचा चहा गार झाला. सरांना इतकं खुललेलं मी कधीच बघितलं नव्हतं. अक्कांनी मला कोपरानं ढोसलं. तेवढ्यात विद्याच्या वडिलांनी विचारलं, "मग काय म्हणता, सर?"

"अजून काही स्थळं बघायची आहेत," सर म्हणाले. "सगळी झाली की कळवतो."

अक्कांनी कपाळाला हात लावला. विद्या मात्र शांत होती. "सर, तुमची रांग संपती कुठं?" तिनं विचारलं. "शेवटचं स्थळ कोणतं, हे तुम्हाला कळणार कसं?"

सर बोटांवर स्थळं मोजायला लागले.

"मग त्या रांगेत मला धरू नका," असं म्हणून तिनं कपबशा गोळा केल्या आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात ते गाळलेलं प्रकरण काढलं. तापमानाचे तेच आकडे, पण या वेळी एकेक दिवस बघत जायचा आणि हवा तो सापडला की तिथंच बाहेर पडायचं. एका पोरानं विचारलं, "सर, पुढं याच्यापेक्षा जास्त तापलेला दिवस असला तर?"

सरांनी फळ्यावर सापडलेल्या दिवसाभोवती खडूनं गोल काढला. "असंल की," ते म्हणाले. "आपल्याला पायजे होता तो गावला."

तास संपल्यावर ते माझ्याकडं आले. "मुरुमला येतीस का? एकट्याला जायचा धीर होत न्हाय."

विद्या शाळेतून नुकतीच घरी आली होती. सरांनी दारातच सांगून टाकलं, "बाकीची स्थळं सोडली."

"न बघता?"

"न बघता."

विद्या थोडी हसली. "मलाही दोन स्थळं आलीत. ती बघून कळवू का?"

सरांचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, "बघा. तुमचा हक्कच आहे तो."

परतीच्या एसटीत सर खिडकीला डोकं टेकून बसले. मध्येच मला विचारलं, "खरंच बघंल का गं ती?" नळदुर्ग मागं पडलं आणि त्यांचा फोन वाजला. ते फक्त ऐकत होते. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "ती म्हणती, मी कुणालाच बघणार न्हाय." आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

तुळजापूरला गाडी थांबताच सर उठले. मी त्यांची पिशवी घेऊन मागं उतरले, तोवर ते समोर सुटायच्या बेतात असलेल्या उमरग्याच्या गाडीत चढलेसुद्धा. मी खिडकीपाशी धावले. "सर, ही गाडी मुरुमात जात न्हाय. फाट्यावर सोडंल, तिथनं लांब आहे."

"चालत जाईन," सर म्हणाले, आणि गाडी हलली.

लग्नानंतर ते मुरुमच्याच कॉलेजात गेले. विभागात हारतुरे झाले, भाषणं झाली. माझा आणि त्यांचा निरोप मात्र तुळजापूरच्या त्या स्टँडवरच झाला. त्यांची पिशवी हातात धरून मी तिथं उभी होते, माझे डोळे भरून आले होते आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.