दरबारातला सहावा

मागल्या महिन्यात पोशीरच्या खळ्यावर भरदिवसा आमच्या ह्यांचा खून व्हायचा होता. नाटकातला हो... हे राजा झाले होते. मी दोन बुकं शिकलेली बाई, सजवून सांगायला मला जमत नाही आणि तेवढा दमही नाही. झालं तसं लिहिते.

नाटक जुनंच. म्हातारा राजा, त्याच्यावर जळणारे पाच सरदार, आणि भर दरबारात त्याला मारायचा कट. त्याआधी नुसते अपशकुन... दिवसा घुबड घुमतं, राणीला वाईट स्वप्न पडतं, ती राजाचे पाय धरते. राजा हसतो आणि दरबारात जातो.

तालमी आमच्याच पडवीत झाल्या. घुबड म्हणजे आमचा दगडू न्हावी, मडक्यात तोंड घालून घुमणारा. सरदारांच्या तोंडावरच्या काळ्या खोळा मीच शिवल्या, मोडक्या छत्र्यांचं कापड उसवून. एवढं सगळं हाताखालून गेल्यावर अपशकुनाची कसली भीती!

भीती होती ती वेगळी. यंदा हे तालुका बोर्डाच्या निवडणुकीला उभे राहिले, आणि लगेच आमची पेंढ्याची उडवी कुणीतरी पेटवली. मग येता-जाता माणसं सांगायला लागली, दादांना म्हणावं नाव मागं घ्या, जिवापेक्षा बोर्ड मोठं नाय. हे नुसते हसायचे. राजाचं काम करून करून अगदी त्या राजासारखंच हसायला लागले होते... मला ते हसणं आवडायचं नाही.

लांबच्या वाड्यांवरच्या माणसांना परत डोंगर चढायचा असतो, म्हणून खेळ दुपारीच लागला. ऊन चांगलं लखलखीत. आम्ही बायका एका अंगाला, पडद्याच्या अगदी कडेला बसलो.

घुबड घुमलं. लांब, ओलं, पोटात शिरणारं... बायका दचकल्या. मी म्हटलं, दगडूनं आज कमाल केली. मान वळवली तर दगडू माझ्या शेजारीच उभा, मडकं काखेत.

"वैनी, मी अजून तोंड लावलंच नाय," तो म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. घुबड परत घुमलं, मागच्या आंब्यातून.

मग राणी आली. राणीचं काम नेरळचा इस्माईल बांगडीवाला करतो. तालमीत तो चार वाक्यं बोलून पाय सोडायचा. त्या दिवशी सोडेचना. "जाऊ नका, आज जाऊ नका" म्हणत रडत होता, आणि लोक टाळ्या पिटत होते. शेवटी ह्यांनी पाय ओढून घेतला आणि हसले.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. ज्या बाईचा नवरा सोंगात मरतो, तिनं तेवढा प्रवेश बघायचा नाही, खेळाकडे पाठ करून बसायचं. आमच्या आत्याबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

"फिर गं माघारी. दाल्ला मरतोय तुजा."

"मरू दे की! बघते तरी कसा मरतो ते."

"जीभ हाय का विळा!" आत्याबाई म्हणाल्या. साऱ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी काही वळले नाही.

सरदार आले, सिंहासनाभोवती उभे राहिले. माझी नजर आपली खोळांवर... शिवण कुठं उसवली तर नाही ना. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि सहावा.

सहाव्याच्या डोक्यावर माझी खोळ नव्हती. घोंगडीची होती. तो सिंहासनाच्या मागे, खळ्यावरच्या पेंढ्याच्या ढिगाला टेकून उभा होता, आणि नाटकात तिथे कुणीच उभं राहत नाही. बाकीचे पाच हलत होते, बोलत होते. तो हलत नव्हता.

मी उठले. कुणाच्या मांडीवर पाय पडला, कुणाच्या पोरावर, मला ठाऊक नाही. सरळ दरबारात शिरले आणि ह्यांचा हात धरला. "चला घरी!"

"अगं, दरबार चाललाय..."

"चुलीत घाला तुमचा दरबार!"

हिसका दिला तसा मुकुट घरंगळत गेला. लोक हसून हसून आडवे झाले. मी मागे वळून बघितलं तर पाचच सरदार, पाचही जण खोळा वर करून माझ्याकडे बघत उभे.

ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पाचांनीही देवाशपथ सांगितलं, सहावा कुणी नव्हताच. मग मंडप उतरवताना सिंहासनामागच्या पेंढ्यात कोयता सापडला, नुकता पाजवलेला. हे म्हणाले, बांबू तोडणाऱ्यांचा राहिला असेल. असेलही. कोयता काय, घरोघरी असतो.

आठवड्यानं इस्माईल बांगड्या घेऊन आला. मी विचारलं, काय रे, त्या दिवशी पाय इतका का धरून ठेवलास?

त्यानं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, "वैनी, मी सोडत होतो. माजेच हात सुटत नव्हते. कुणीतरी वरनं दाबून धरल्यावानी..."

ते कोण होतं मला माहीत नाही. जे कोण असेल त्याला मी रोज दिवा लावताना हात जोडते. माझ्या कपाळाचं कुंकू त्याचं देणं आहे.

ह्यांनी नाव मागे घेतलं नाही, आणि घ्या असं मीही म्हटलं नाही. पण घोंगडीवाला माणूस असेल तर आसपासचाच असणार... रोज दारावरून जाताना मला रामराम घालत असणार. म्हणून हल्ली कुणीही रामराम घातला की मी उलट रामराम घालते, आणि तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघते.