पंचनाम्यासाठी राखलेले टमाटर

नालवाडीच्या पलीकडे मनकर्णाबाईंचं वावर. टमाटर, वांगी, मेथी लावायची, पहाटे तोडायची आणि वर्ध्याच्या बाजारात न्यायची, असा त्यांचा संसार चालायचा. अन्न सडलेलं त्यांना पाहवत नसे. लक्ष्मीला उकिरडा दाखवू नये, म्हणायच्या.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी बाजार बंद झाला, तेव्हा टमाटर लालेलाल लटकले होते. बाईंनी गावात सांगावा धाडला, "न्या रे बाप्पा, ज्याले जेवढे पाह्यजे तेवढे न्या!" शेजारच्या तानाबाई तर ओटीत भरभरून न्यायच्या. अक्षय तृतीयेला वावर मोकळं पाहिजे, शेतीच्या नव्या सालाची सुरुवात जुन्या काडीकचऱ्यावर करायची नाही, ही सासूपासूनची रीत. म्हणून बाईंनी झाडंही उपटली, वखरून घेतलं.

त्यानंतर बातमी आली, की टाळेबंदीत ज्यांची भाजी वाया गेली, त्या शेतकऱ्यांना सरकार मदत देणार. कृषी खात्याचे साहेब पंचनाम्याला आले आणि काळ्याभोर मोकळ्या मातीकडे बघत उभे राहिले.

"मावशी, नुकसान कुठं आहे?"

"लोकायनं खाल्लं ना, साहेब!"

"खाल्लं म्हणजे वाया नाही गेलं. सडलेलं दिसलं पाहिजे, फोटो काढावा लागतो."

"मंग काय सडू द्याचं होतं मी?"

साहेबांनी मोटरसायकलला किक मारली. पलीकडच्या राकेशची कोबी आळशीपणानं वावरातच सडली होती, त्याला मदत मिळाली. मग काय, मनकर्णाबाईंचा लेक किशोर वर्षभर टोचत राहिला, "आई, तुह्या दानधर्मानं बुडवलं आपल्याले."

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टाळेबंदी, पुन्हा बाजार बंद. किशोरनं बजावलं, "या खेपेले एकही टमाटर हलवाचा नाई. साहेब येऊन पाह्यतीन, मंगच."

बाईंनी मन घट्ट केलं. तानाबाई टोपली घेऊन आल्या, तर त्यांना वावराच्या बांधावरूनच, धुऱ्यावरूनच परत पाठवलं. "पंचनामा होऊ दे, बाई." टमाटर फुटले, गळले, आंबूस वास घरापर्यंत येऊ लागला. त्या वासात देवापुढे उदबत्ती लावायचीही बाईंना लाज वाटे. अक्षय तृतीया आली नि गेली, वावर तसंच. साहेब काही येईनात.

शेवटी बाईंनीच फोन लावला.

"साहेब, काऊन नाई येऊन राह्यले? वावरात उभं राहवत नाई!"

"मावशी, यंदा पंचनाम्याचा आदेशच नाही. उपटून टाका."

"वा रे वा! मागच्या साली उपटलं तं नुकसान दिसत नाई म्हणे, यंदा ठेवलं तं उपटा म्हणता! तुमच्या सरकारले एक तोंड हाय का दहा?"

पलीकडून फोन बंद झाला. किशोर खाली मान घालून चपलेचा अंगठा चाचपत बसला.

बाई तणतणत वावरात गेल्या. पानांच्या सावलीत धड राहिलेले टमाटर वेचले, कशीबशी अर्धी टोपली भरली आणि ती घेऊन तानाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

तानाबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "राहू दे मनकर्णे," त्या म्हणाल्या, "तुह्या पंचनाम्याले कमी पडतीन."

साहेबाला फोनवर झापणाऱ्या बाईंना टोपली ओट्यावर ठेवावी की परत न्यावी, ते कळेना. त्या तशाच उन्हात उभ्या राहिल्या.