घोड्या काढून केलेली पूजा

डहाणूच्या महालक्ष्मीला मी दरवर्षी यात्रेत जातो, पण खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष देवीकडे आणि अर्धं बाहेर काढलेल्या चपलांकडे असतं. वडील गेल्यापासून देवाशी माझं बोलणंच बंद होतं. तलासरीला हायवेलगत आमचं ट्रकचं गॅरेज आहे. तिथला देव्हारा माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, सुरेशराव, सांभाळतात. जावई म्हणून घरी त्यांना पाटावर बसवायचं आणि गॅरेजात ट्रकखाली झोपवायचं, अशी आमची रीत. भक्ती त्यांच्याकडे आणि कुरकुर माझ्याकडे, ही वाटणी दोघांनाही मान्य होती.

त्या दुपारी चिकू भरलेला एक ट्रक डावीकडे कलत कलत आला. ड्रायव्हर गाडी आमच्या ताब्यात देऊन जेवायला गेला. या गाडीला मागे स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांऐवजी हवेचे रबरी फुगे होते. फळाला दणका बसू नये म्हणून काही मालक अशी गाडी घेतात. डावा फुगा गळत होता. आम्ही चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, लोखंडी घोड्यांचे टेकू लावले आणि नवा फुगा बसवला. पुढचं काम नाजूक. चाकांच्या ॲक्सलपासून चासी किती उंच राहायची हे ठरलेलं असतं आणि ते एका छोट्या दांडीवर अवलंबून असतं. दांडी लांब-आखूड केली की तिला जोडलेला व्हॉल्व्ह फुग्यात हवा भरतो किंवा सोडतो. भार वाढला तर दाब वाढेल, पण उंची तीच राहायला हवी. हे जुळवायला माणसाला खाली शिरून डोकं थेट चासीखाली न्यावं लागतं.

नवा भाग बसला की आधी नारळ, हा सुरेशरावांचा नेम. आणि पूजेला गाडी टेकूवर नको, आपल्या पायांवर उभी हवी, हाही त्यांचाच. म्हणून फुग्यांत हवा भरून आम्ही घोड्या काढल्या, चाकाला हळदकुंकू लावलं, त्यांनी नारळ फोडला. मग पाना आणि मोजपट्टी घेऊन ते पुन्हा खाली गेले. मी इंजिन चालू ठेवून कॅबच्या पायरीवर उभा राहून दाबाचा काटा बघू लागलो. घोड्या भिंतीशी उभ्या होत्या. त्या परत लावायच्या हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

समोर गंजाडकडची बस पकडायला थांबलेली एक म्हातारी रस्ता ओलांडून आली आणि प्रसाद मागू लागली. मी ताटलीकडे बोट दाखवलं.

"नारळ कोणी फोडला?" तिनं विचारलं.

"ते गाडीखाली आहेत."

"मग त्याच्या हातचा दे."

मी वैतागलो. "मावशी, काम चाललंय. घ्यायचा तर घ्या, नाहीतर बस जाईल तुमची."

ती हलेना. खालून सुरेशरावांचं हसू ऐकू आलं. "राहू दे दादा, प्रसाद मागणाऱ्याला कशाला ताटकळत ठेवायचं? आलोच." ते सरपटत बाहेर आले, हात पुसले आणि खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला.

तेवढ्यात उजवीकडचा जुना फुगा फुटला. आवाज असा झाला की मला वाटलं हायवेवर गाड्या आदळल्या. सगळा ट्रक एका दमात खाली बसला. धूळ उडाली, वरून दोन-चार चिकू घरंगळले. वाकून पाहिलं तर मोजपट्टी चासीखाली चेपलेली. क्षणभरापूर्वी सुरेशरावांचं डोकं नेमकं तिथे होतं. इंजिन बंद करायचंही मला सुचेना. सुरेशरावांचा हात तसाच पुढे राहिला होता. म्हातारी दचकून मागे झाली होती. मग ती खाली बघत म्हणाली, "मातीत पडला. दुसरा दे." त्यांनी दुसरा तुकडा दिला. तो चावत ती बसमध्ये चढली.

थोड्या वेळानं बहीण डबा घेऊन आली. "गाडी अशी का बसलीय?" तिनं विचारलं. मला तिच्याकडे बघवेना. मी मागच्या नळावर जाऊन रडलो.

काही दिवसांनी आम्ही दोघं लुगडं घेऊन गंजाडला गेलो, विचारत विचारत तिच्या पाड्यावर पोचलो. मी तिच्या पाया पडलो तशी ती संकोचली. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय कळायचंय बाबा? सकाळपासून पोटात काही नव्हतं. नारळ फोडताना दिसला, आले."

"मग ताटलीतला का नाही घेतलात?"

"आपल्या हातानं उचललं तर ते नुसतं खोबरं," ती म्हणाली. "कोणी दिलं तर परसाद."

यात देवी कुठे होती हे मी कोणाशी वाद घालून सांगणार नाही. काम आजही तेच करतो. घोड्या लावल्याशिवाय आता पूजाही होत नाही. पण संध्याकाळी सुरेशराव हातपाय धुऊन घराकडे निघतात आणि बहीण दारात उभी दिसते, तेव्हा माझे हात आपोआप जोडले जातात. ते माणूस मी राखलेलं नाही. ते आम्हाला दिलेलं आहे.