आवाज बंद करून मालिका बघणारी शकुबाई

तुंगार्लीच्या वरच्या आळीत संध्याकाळी साडेसातला कुठल्याही घरावरून जा, एकच मालिका आणि तिचा एकच ढणढणाट कानावर येतो. शकुबाईच्या घरात मात्र टीव्ही चालू असतो आणि आवाज बंद असतो. नवा माणूस विचारतो, म्हातारी बहिरी आहे का? बहिरी कसली! चार घरांपलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या ती मोजून सांगते. ही खोड तिला दोन वर्षांपूर्वी लागली, आणि त्यासाठी तिची चांगली खोड मोडावी लागली.

शकुबाई बावीस वर्षं तळ्याजवळच्या एका बंगल्याची राखण करते. मालक मुंबईला, किल्ल्यांचा जुडगा हिच्या कमरेला. पाहुणे आले की पिठलं-भाकरी करायची, गेले की चादरी धुवायच्या. माणूस पारखण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असं ती स्वतःच सांगायची. फाटकातून गाडी आत आली की यातलं कोण जाताना टॉवेल पळवणार, ते तिला म्हणे आधीच कळायचं.

घरात मुलगा अतुल, तळेगावच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, आणि सून रेणुका, पवन मावळातली. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. संध्याकाळी सासू-सून लसूण सोलत मालिका बघायच्या. बघायच्या म्हणजे रेणुका बघायची, शकुबाई बोलायची. त्या मालिकेतल्या सुनेचा तिनं जेवढा उद्धार केला, तेवढा सख्ख्या जावेचाही केला नसेल.

पुढं जानेवारीत रेणुका फोन घेऊन घरामागं जायला लागली. न्हाणीच्या दगडापाशी उभी राहून हळू आवाजात बोलायची आणि सासू दिसली की "ठेवते" म्हणून गप्प व्हायची. नेमक्या त्याच आठवड्यात मालिकेतली सूनही चोरून फोन करत होती आणि घर विकायच्या बेतात होती. शकुबाईच्या मनात पाल चुकचुकली. तिनं मुलाला विचारलं नाही, सुनेला विचारलं नाही. मंगळवारी सरळ व्याह्यांना, रेणुकाच्या वडलांना, फोन लावला. "रविवारी या. बोलायचंय." एवढंच म्हणून ठेवून दिला. मुलाच्या आईनं असं तोडून बोलावलं की मुलीच्या बापाला काय वाटतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तसं बोलावलं.

आणि बुधवारी त्याच मालिकेची मंडळी शूटिंगला बंगल्यावर येऊन थडकली. आल्या आल्या त्यांनी शकुबाईच्या जित्या तुळशीपुढं प्लॅस्टिकचं वृंदावन मांडलं. खरी तुळस म्हणे कॅमेऱ्यात उठून दिसत नाही. शकुबाईनं ते कसंबसं गिळलं. पण ती घरबुडवी सून गाडीतून उतरली, तेव्हा हिच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांना चहा दिला आणि तिला सगळ्यात शेवटी, अर्धा कप. पोरीनं तो पिऊन "छान झालाय, मावशी" म्हटलं.

मग स्वयंपाकघरातला प्रसंग सुरू झाला. सुनेनं कानाला फोन लावून खिडकीशी उभं राहायचं आणि वळून बघायचं. शकुबाई दाराआडून डोळ्यांत तेल घालून बघत होती. एक दमलेली पोरगी खिडकीबाहेर बघत उभी राहिली आणि वळली. बस्स. फोन तर बंदच होता. हेच तिनं पाच वेळा केलं.

काम थांबल्यावर शकुबाईला राहवलं नाही. "बाई, मगाशी मनात काय कावा चालला व्हता?"

"कावा कसला, मावशी. दहापर्यंत आकडे मोजायला सांगितलं होतं. सातावर आठवलं, लेकीचा डबा माझ्याच गाडीत राहिला."

"मग आमाला तितं वाईट कसं दिसतं?"

"वाईटपणा नंतर घालतात," ती हसून म्हणाली. "वाजवून."

त्या संध्याकाळी शकुबाईनं टीव्ही लावला आणि आवाज पार बंद केला. रेणुका लसूण सोलता सोलता थांबली. पडद्यावर सून आली, सासू आली, दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, मग परत पाहिलं. आवाज नसला की त्या घरात कुणी कुणाचं वाकडं करत नव्हतं. माणसं नुसती बघत होती, आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. शकुबाईला आपला मंगळवारचा फोन आठवला आणि तिला मनापासून लाज वाटली.

"रेणुका, घरामागं जाऊन कुनाशी बोलतीस गं?"

रेणुका घाबरली, मग सगळं सांगून मोकळी झाली. तळेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला बायका घेत होते. तिची मैत्रीण प्रतीक्षा तिथंच कामाला होती, तिनं शब्द टाकला होता. एक तारखेपासून या म्हणत होते. अतुलला तिनं अजून सांगितलं नव्हतं.

"मग त्यात चोरी कसली?"

"तुमीच म्हनला व्हता, आत्या. मालिकेतली सून नोकरीला लागली तवा. बाईचा पाय उंबऱ्याभाईर पडला की घर मोडतं म्हनून."

"अगं, मी टीव्हीला म्हनले."

"व्हय. पर टीव्हीला कुटं ऐकू येतं? शेजारी मी बसले व्हते."

वीस वर्षं रोज उंबरा ओलांडून शकुबाई स्वतः बंगल्यावर गेली, त्यावर घर चालवलं, अतुलला शिकवलं. मग हे वाक्य तिच्या तोंडात आलं कुठून? ते तिचं नव्हतंच. आदल्या आठवड्यात मालिकेतल्या सासूनं ते तीनदा म्हटलं होतं, आणि दर वेळी मागं ढोल वाजले होते.

रविवारी रेणुकाचे वडील धोंडिबा आले. टोपी परीटघडीची, आणि वेळप्रसंगी बोलायला भावाला सोबत घेऊन. खाटेच्या कडेवर अवघडून बसले. चहावर साय धरली तरी कपाला हात लावेनात.

"पोरगी एक तारखेपासनं तळेगावला कामाला जातीया," शकुबाई म्हणाली. "ते सांगाया बोलावलं."

धोंडिबांनी आधी लेकीकडं पाहिलं, मग विहिणीकडं. "येवढंच?"

"येवढंच."

त्यांनी टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं. "मंगळवारपासनं घास न्हाई उतरला, विहीणबाई," ते हळूच म्हणाले.

शकुबाईनं दोघा भावांचे गार झालेले कप उचलले आणि आत जाऊन नवा चहा टाकला. "चुकलं माजं, व्याही," ती शेगडीकडं तोंड करून म्हणाली, पण बाहेरच्या खाटेपर्यंत ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात. मग दोन्ही कप काठोकाठ भरून घेऊन आली.